पदाच्या रकान्यात काय लिहायचं?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

"मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत उपशिक्षिका आहे. 2004 मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हापासून पहिली ते चौथीचेच वर्ग घेते. वरिष्ठ श्रेणी म्हणजे वाढीव वेतनश्रेणी मिळाली, हुद्दा तोच राहिला. माझ्याबरोबर डी.एड. केलेली मैत्रीण विभागीय परीक्षा देऊन केंद्रप्रमुख (आसपासच्या साधारण दहा शाळांवर देखरेख करणारी अधिकारी) झाली आणि नेमकी आमच्याच केंद्रात आली. आता ती शाळाभेटीला येते, माझं पाठाचं टाचण बघते, शेरेबुकात शेरा लिहिते. वाईट वागत नाही. उलट जरा जास्तच सांभाळून बोलते, आणि तेच जास्त लागतं. परवा शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) हजेरीपत्रकावर 'पद' या रकान्यात 'उ. शि.' लिहिताना हात थबकला. मुलगा विचारतो, 'आई, तुमच्यात प्रमोशन नसतं का?' पूर्वी मी रविवारी बसून शब्दपट्ट्या करायचे. आता पुस्तक उघडते आणि घंटेची वाट बघते. पुढच्या वेळी केंद्रप्रमुखाची परीक्षा दे, असं घरचे म्हणतात. खरं सांगायचं तर मला वर्ग सोडायचा नाही. पण पद मिळालं तर उमेद परत येईल, असं वाटतं. शिक्षकाने असा मानापानाचा विचार करावा का, याचीही लाज वाटते. काय करू?"

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही लाजेबद्दल लिहिलंय, आधी तेवढं निकालात काढू. हुद्द्याचा विचार मनात आला म्हणून शिक्षकाने ओशाळं व्हायचं काही कारण नाही. 'गुरुजींनी मानापानाच्या पलीकडे असावं' हे वाक्य बहुतेक वेळा ज्यांच्या स्वतःच्या दारावर नावाची पाटी असते त्यांच्या तोंडी ऐकू येतं. पोलिसाने, इंजिनीअरने, बँकेतल्या माणसाने बढतीची वाट बघितली तर आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. शिक्षकाने बघितली की लगेच त्याचं ध्येय डळमळल्याची शंका येते. ही शंका फार सोयीची असते, कारण तिच्या आडून शिक्षकाला कमी देता येतं.

शिवाय हुद्दा बदलला की माणसाचं काय काय बदलतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तुम्ही शिक्षणसेवक म्हणून लागलात. 2000 मध्ये राज्याने ही योजना आणली: तीन वर्षं ठरावीक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकसाठी ते मानधन सुरुवातीला महिना 3,000 रुपये होतं. पुढे 6,000 झालं आणि 2023 पासून 16,000. त्या तीन वर्षांत तुम्ही शेजारच्या वर्गातल्या बाईंएवढेच तास घेतलेत, तेवढ्याच वह्या तपासल्यात. फरक हुद्द्याचा होता आणि त्यामुळे पगाराचा, रजांचा, गावाच्या बोलण्यातल्या सुराचा होता. तीन वर्षांनी नियमित नेमणुकीचा आदेश हातात पडला तेव्हा झालेला आनंद कोणी खोटा म्हटला नाही. मग आजची बोच तरी खोटी का म्हणायची?

तेव्हा पद हवंसं वाटण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुमच्या त्या एका वाक्याला: 'पद मिळालं तर उमेद परत येईल.' तुम्ही ते इतक्या सहज लिहिलंय, जणू त्यात तपासण्यासारखं काही नाहीच. मला वाटतं, तुमच्या सगळ्या पत्रात तपासायला हवं ते हेच वाक्य.

1983 मध्ये जेराल्ड ग्रीनबर्ग आणि सुझिन ऑर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना पैसे देऊन मुद्रितशोधनाचं काम दिलं होतं. मग काहींवर जादा जबाबदारी टाकली, पैसे न वाढवता. बदल्यात दिलं एक भारदस्त पदनाम. एका गटाला ते पद चांगल्या कामामुळे मिळाल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटाला ते कमावल्याचं काही कारणच नव्हतं, नुसतं दिलं. पहिल्या गटाचं काम टिकून राहिलं. दुसऱ्या गटाचं काम आधी एकदम वाढलं आणि मग तितक्याच झपाट्याने घसरलं.

विद्यार्थ्यांवरच्या छोट्या प्रयोगावरून वीस वर्षांच्या नोकरीचे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य. पण जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या कोणालाही यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल. 'तालुका समन्वयक', 'नोडल शिक्षक', 'तंत्रस्नेही शिक्षक' अशी नावं वाटली जातात, पहिल्या बैठकीला सगळे नवे कपडे घालून येतात आणि सहा महिन्यांनी 'नोडल' म्हणजे फक्त लिंक भरणारा माणूस, हे सगळ्यांना कळलेलं असतं. पदनाम उमेद देतं ते आधी केलेल्या कामाची दखल म्हणून आलं तर, किंवा सोबत काही नवं करायची मुभा घेऊन आलं तर. नुसत्या नावाचा गुण फार दिवस राहत नाही.

आता हे तुमच्या बाबतीत लावून बघू. केंद्रप्रमुखपद तुम्ही परीक्षा देऊन मिळवाल, म्हणजे ते फुकटचं नसेल. पण ज्या कामातली उमेद गेली ते आहे शिकवण्याचं, आणि हे पद तुम्हाला शिकवण्यापासूनच लांब नेणार आहे. एका केंद्रात साधारण दहा शाळा. त्यांच्या भेटी, केंद्राच्या शिक्षण परिषदा, यू-डायसची (शाळांच्या सरकारी आकडेवारीची) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, पटनोंदणी, संच मान्यतेचे (पटानुसार शिक्षकांची पदं ठरवण्याचे) कागद, वरच्या कार्यालयातून 'आज दुपारी चारपर्यंत' म्हणून आलेले तक्ते आणि ते न भरणाऱ्या मुख्याध्यापकांना केलेले फोन. हे काम हलकं नाही. चांगला केंद्रप्रमुख दहा शाळांचं वळण बदलू शकतो, आणि तसे लोक मी पाहिले आहेत. पण ते काम आवडणारा माणूस वेगळा असतो. त्याला मोठ्या माणसांशी बोलायला आवडतं, अडलेली फाइल हलवण्यात गंमत वाटते, चार शाळांतलं चांगलं पाचव्या शाळेत कसं नेता येईल हे त्याच्या डोक्यात घोळत असतं. तुमच्या पत्रात यातला एकही शब्द नाही. शब्दपट्ट्या आहेत.

म्हणून मी पत्र पुन्हा वाचलं. सारांशात घेता आला नाही असा एक भाग मूळ पत्रात आहे, आणि तुम्ही तो कंसात, जाता जाता लिहिलाय. दुसरीतली एक मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती. तुम्ही तिला रोज मधल्या सुट्टीत फळ्यावरची तारीख बदलायचं काम दिलंत. काही आठवड्यांनी ती तारीख बदलताना वार मोठ्याने म्हणायला लागली. संक्रांतीनंतर तिने पहिल्यांदा सगळ्या वर्गापुढे परिच्छेद वाचला. आणि त्याच आठवड्यात झालेल्या शाळाभेटीचा शेरा होता: 'उपस्थिती समाधानकारक. पोषण आहार नोंदवही अद्ययावत ठेवावी.'

ताई, माझ्या मते तुमचं दुखणं इथे आहे.

तुमचं शेरेबुक काढून मागची पानं चाळा. किती शेऱ्यांत तुमच्या शिकवण्याबद्दल काही आहे? हातच्याची वजाबाकी तुम्ही कशी शिकवता, काड्यांचे गठ्ठे सोडवून की दशकाच्या नोटा मोडून, हे कोणी विचारलंय? पहिलीतल्या मुलाने 'घ' आणि 'ध' एकसारखे काढले तर तुम्ही काय करता? घरात वेगळी बोली बोलणारं मूल पाठ्यपुस्तकातल्या शब्दापाशी अडतं तेव्हा? यातलं प्रत्येक कौशल्य तुम्ही वीस वर्षांत घडवलंय आणि ते बघायला आजवर कोणीही वर्गात वीस मिनिटंसुद्धा शांत बसलेलं नाही. येणारा माणूस दप्तर बघून गेला. जे काम कोणी बघतच नाही, त्यातली उमेद आटली तर त्यात नवल नाही. अशा वेळी पद हाच एकमेव पुरावा वाटायला लागतो, कारण तो निदान हजेरीपत्रकात दिसतो.

आणखी एक तपासून बघा. रविवारच्या शब्दपट्ट्या नेमक्या कधी बंद झाल्या? मैत्रीण केंद्रात यायच्या आधी की नंतर? पत्रावरून मला अंदाज येतो की आधीच. तसं असेल तर तिच्या पदाने तुमची उमेद नेली नाही. आधीच रिकाम्या झालेल्या जागेवर तिचा हुद्दा येऊन बसला इतकंच.

'ती पुढे गेली' या गृहीतकाकडेही जरा तिरकं बघायला हवं. आपल्याकडे शिक्षकाच्या बढतीची वाट अशी आहे: उपशिक्षक, मग पदवीधर शिक्षक किंवा मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. प्रत्येक पायरीवर समोरची मुलं कमी होत जातात आणि कागद वाढत जातात. उत्तम शिकवणाऱ्याला बक्षीस म्हणून शिकवण्यातून मोकळं करायचं, अशी ही रचना. तुम्ही मागे राहिलात असं नाही; तुमच्या वाटेवर कोणी पायऱ्याच बांधल्या नाहीत.

बांधता येतात का? काही देशांनी प्रयत्न केलाय. सिंगापूरने 2001 मध्ये शिक्षकांसाठी तीन वेगळ्या वाटा केल्या. त्यातली एक फक्त अध्यापनाची: मुख्याध्यापक न होता, शिकवत आणि इतरांना शिकवायला शिकवत, माणूस वर जात राहतो, पगारही वाढतो. इंग्लंडमध्ये 1998 मध्ये उत्तम शिक्षकांसाठी एक खास पद निघालं. ते मिळालेला शिक्षक आठवड्यातले चार दिवस स्वतःच्या वर्गावर आणि साधारण एक दिवस इतर शाळांतल्या शिक्षकांच्या मदतीला असायचा. मला ही कल्पना फार पटते, कारण पदाबरोबर हातात एक मोकळा दिवस येत होता. 2013 मध्ये ते पद बंद केलं. पोलंडने 2000 मध्ये शिक्षकांच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्यातल्या खालच्या दोन 2022 मध्ये काढून टाकल्या. चीनमध्ये 2015 पासून शाळेतल्या शिक्षकालाही प्राध्यापकाच्या तोडीचं पदनाम मिळू शकतं, पण वरच्या जागा मोजक्या असल्यामुळे तिथे रांगा लागतात आणि त्या रांगेत वर्षं घालवणाऱ्यांची निराशा हा तिथला नेहमीचा विषय आहे.

म्हणजे पायऱ्या असल्या की प्रश्न मिटतो असंही नाही. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकांच्या व्यावसायिक मानकांची आणि शिकवत राहूनच वर जाण्याची भाषा आहे. ती तुमच्या सेवापुस्तकात उतरेल तेव्हा उतरेल. त्याची वाट बघत बसा, असं मी सांगणार नाही.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे पैसा आणि मान हे दोन हिशेब वेगळे मांडा. घरचे 'परीक्षा दे' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पगार असतो, तुमच्या मनात तो रकाना. एका कागदावर लिहून काढा: पद मिळालं तर मूळ वेतनात नेमका किती फरक पडेल, प्रवासाचा खर्च किती वाढेल, बदली कुठे होऊ शकते. पगाराची स्लिप घेऊन आस्थापनेच्या लिपिकासमोर बसलात तर हे तासाभरात कळेल. दुसऱ्या बाजूला निवड श्रेणी लिहा. 12 वर्षांनी वरिष्ठ, 24 वर्षांनी निवड श्रेणी, असा आपल्याकडचा हिशेब आहे. 2004 पासून धरलं तर 2028 जवळ आलंय. निवड श्रेणी सगळ्यांना मिळत नाही, ती संवर्गातल्या 20 टक्के पदांपुरतीच असते आणि विहित प्रशिक्षण पूर्ण असावं लागतं. तेव्हा प्रशिक्षणाची नोंदणी उघडली की मागे राहू नका. सेवापुस्तकातल्या नोंदी, गोपनीय अहवाल, शिक्षणसेवक कालावधीची नोंद, सगळं आत्ताच बघून घ्या. पुष्कळ शिक्षकांचा लाभ पात्रतेअभावी नाही, एखाद्या राहून गेलेल्या सहीपायी अडकतो. बऱ्याचदा असं होतं की पैशाचा हिशेब स्पष्ट झाला की मानाचा प्रश्न निम्मा हलका होतो.

दुसरं, टीईटी, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानंतर आलेली शिक्षक पात्रता परीक्षा. तुमची नेमणूक त्या कायद्याच्या आधीची, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ बाकी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायला सांगितलं, आणि पदोन्नतीसाठीही ती आवश्यक ठरवली. नंतर काय आदेश निघाले ते व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवरून ठरवू नका, शासनाचं पत्रच बघा. अभ्यासाला बसायचंच असेल तर पहिला नंबर हिचा. केंद्रप्रमुखाचं नंतर.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: कोणालातरी तुमचं शिकवणं बघू द्या. सुरुवात त्या मैत्रिणीपासूनच करा. हो, तिच्यापासूनच. पुढच्या भेटीत टाचण पुढे करण्याऐवजी तिला सांगा, 'आज दप्तर राहू दे. मागच्या बाकावर बस, माझा वजाबाकीचा तास पूर्ण बघ आणि मग मला सांग.' ती जास्त सांभाळून बोलते असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तिलाही अवघडल्यासारखं होतंय. ज्या मैत्रिणीबरोबर सराव पाठ घेतले तिच्या वहीवर लाल पेनाने सही करणं कोणालाच सोपं जात नाही. तास झाल्यावर दोघी शिकवण्याबद्दल बोलाल, आणि कदाचित खूप वर्षांनी बोलाल. आणि शेरा लिहायला ती पेन काढेल तेव्हा निःसंकोच सांगा की जे पाहिलं तेच लिही. 'हातच्याच्या वजाबाकीसाठी गठ्ठे सोडवण्याची कृती. सर्व मुलांनी स्वतः करून पाहिली' हे एक वाक्य 'समाधानकारक'पेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरतं. ती नाही म्हणाली तर शेजारच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला बोलवा, तुम्ही तिचा तास बघायला जा. त्याला कोणाची परवानगी लागलीच तर मुख्याध्यापकांची.

चौथं, वर्ग न सोडता करता येण्यासारखी कामं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ती मिळतात, फक्त पदोन्नतीच्या यादीत दिसत नाहीत. प्रशिक्षणात सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवणारे, म्हणून जाता येतं. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) साहित्यनिर्मितीत, राज्याच्या विषय गटांत वर्गावरचे शिक्षक घेतात. पाठ्यपुस्तकांच्या कामातही वर्गावरच्या शिक्षकांचा सहभाग असतो. केंद्रात नवीन लागलेल्या शिक्षकांना पहिलं वर्ष हाताशी धरणारं कोणी नसतं. हे काम तुम्ही उद्या सुरू करू शकता. यातलं एकच निवडा. सगळी ओढून घेतलीत तर वर्षभरात 'नोडल' व्हाल, आणि मग शब्दपट्ट्यांना रविवारही उरणार नाही. निवडताना एक अट घाला: त्या कामासाठी वेळ मिळणार का आणि त्यात तुम्हाला काही ठरवता येणार का? दोन्हीला नाही असेल तर नाव कितीही मोठं असलं तरी नको म्हणा.

इथे आणखी एक संशोधन आठवतं. 2014 मध्ये ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या एका संस्थेत कर्मचाऱ्यांनी अधिकृत पदनामाच्या जोडीला स्वतःचं, आपल्या कामातलं सार सांगणारं पदनाम स्वतःच तयार केलं होतं. त्याने त्यांचा भावनिक थकवा कमी व्हायला मदत झाल्याचं अभ्यासकांना दिसलं. लगेच उठून ओळखपत्रावर काहीतरी छापून घ्या, असं सांगत नाही; शिक्षक दिनाला वाटलेल्या 'ज्ञानसूर्य' छापाच्या पदव्यांचा मला तर तिटकाराच आहे. पण मुलाने विचारलं, 'तुमच्यात प्रमोशन नसतं का', तर त्याला 'नसतं' एवढंच सांगून विषय संपवू नका. त्या न बोलणाऱ्या मुलीची आणि तारखेची गोष्ट सांगा. नातेवाइकांनी विचारलं तर 'मी मुलांना वाचायला शिकवते' म्हणा. हुद्दा त्यांना नाही कळला तरी चालेल, हे काम सगळ्यांना कळतं.

हे सगळं करूनही परीक्षा द्यावीशी वाटली तर जरूर द्या. माझा विरोध परीक्षेला नाही, चुकीच्या कारणाला आहे. अर्ज भरण्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक-दोन दिवस एखाद्या जाणत्या केंद्रप्रमुखाबरोबर घालवा. तुमची मैत्रीणच चालेल, मग तर फारच चांगलं. त्यांचा फोन दिवसभरात किती वेळा वाजतो, कशासाठी वाजतो हे बघा. संध्याकाळी स्वतःला विचारा: पदाचं नाव काढून टाकलं आणि नुसतं हे काम दिलं, तर मी घेईन का? उत्तर 'हो' आलं तर तुम्ही वर्ग सोडताय याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याने वीस वर्षं पहिली ते चौथी शिकवली आहे असा केंद्रप्रमुख शाळांना हवाच आहे. मागच्या बाकावर बसून तास बघणारा कोणी मिळत नाही म्हणून तर तुम्ही मला पत्र लिहिलंत.

पत्रातली एक गोष्ट मात्र मी पदाच्या खात्यात टाकणार नाही. 'घंटेची वाट बघते.' हे फक्त शाळेत होतंय की घरीही? झोप नीट लागते का, आवडीच्या बाकी गोष्टी आवडतात का? सुट्टीतसुद्धा मन उचल खात नसेल, सकाळी उठायलाच नको वाटत असेल, तर हा हुद्द्याचा विषय नाही आणि परीक्षेने सुटणारही नाही. मग आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, बाकीचे निर्णय दोन-तीन महिने पुढे ढकला. अशा मनःस्थितीत घेतलेला 'हो' आणि 'नाही' दोन्ही कच्चे असतात.

हे सदर वाचणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांनाही दोन शब्द, कारण अशी पत्रं मला एकट्या या ताईंचीच येत नाहीत. तुमच्या हातात पदोन्नती नाही, वेतनश्रेणी नाही, हे मान्य. पण शेरा तुमच्या हातात आहे. भेटीच्या दिवशी एकाच वर्गात पूर्ण तासभर बसा, बाकीचे पुढच्या वेळी. ज्या शिक्षकाला एखादं काम नावानिशी सोपवाल त्याला त्या कामापुरता निर्णयही सोपवा: वाचनाचा उपक्रम एखाद्या बाईंकडे दिला तर पुस्तकं कोणती घ्यायची हे बाईच ठरवतील. आणि परिपाठात किंवा शिक्षण परिषदेत कौतुक करायचं झालं तर नेमकं करा. 'बाई फार मेहनती आहेत' हे ऐकून कोणाला काही मिळत नाही. कोणत्या मुलाचं काय झालं ते सांगा.

ताई, तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय, की परीक्षा देऊन ठेवावी आणि पद आलं तर तेव्हा ठरवावं, असं चालेल का? परीक्षेची तयारी करायला हरकत नाही, अभ्यास वाया जात नाही. पण आलेली पदोन्नती नाकारली तर त्याची नोंद होते आणि पुढच्या लाभांवर तिचा परिणाम होऊ शकतो. म्हणून 'बघू मग' म्हणून अर्ज भरू नका. त्यावेळी लागू असलेला शासन निर्णय पूर्ण वाचा, नकार दिल्यास काय, हे गट शिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत फाइलला लावून ठेवा. तोंडी उत्तरावर जाऊ नका, मग ते मैत्रिणीने दिलेलं असलं तरी.